चाळीस मिली

११ जुलै, शुक्रवार

दुपारी गॅसचा टेंपो अंगणातून मागे घेताना आमची मांजर शेवंती चाकाशी होती. पाऊस असला की उभ्या गाडीच्या टायरला टेकून कोरड्यात बसायची तिची जुनी खोड. अंग वाचलं, शेपटी सापडली. जिवाच्या आकांतानं हिसडा मारून ती सुटली आणि थेट जिन्याखाली. ओरडली एकदाच.

संध्याकाळी बॅटरी घेऊन बघितलं. शेपटी ओल्या सुतळीसारखी लोंबतेय. रक्त नाही. मागचे पाय जरा फेंगडे पडतात, पण चालते. मासेमारी बंदीमुळे ३१ पर्यंत ताजं नुस्तं, म्हणजे मासळी, मिळणं मुश्कीलच. भिजवलेला सुका बांगडा दिला, तो खाल्ला. खाल्लं म्हणजे जगली, असं आई म्हणाली. आम्हीही तसंच धरून चाललो.

१३ जुलै, रविवार

काल एका दवाखान्यात नेलं होतं. शेपटीला मलम, एक इंजेक्शन, ‘आठ दिवसांनी दाखवा’. लघवी झाली का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर दोन दिवस घरात कुठे घाण दिसली नाही म्हणून मी मनातून खूशच होतो. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही.

आज सकाळी तिनं खाणं टाकलं, फेसाळ उलटी केली. उचलायला गेलो तर पोट टणक. हिनं, म्हणजे बायकोनं, कुणाकडून तरी दुसऱ्या डॉक्टरबाईंचा नंबर मिळवला. रविवार असूनही त्यांनी बोलावलं. टेबलावर ठेवल्या ठेवल्या पोटाखाली हात घातला आणि म्हणाल्या, “हे तिच्या पोटात आहे ते मूत्राशय. दोन दिवसांचं.”

हाड कुठे मोडलंय ते एक्सरेवर दाखवलं. माकडहाडाच्या जोडाशी, शेपटी जिथून सुरू होते तिथे. मूत्राशयाच्या आणि गुदद्वाराच्या नसा त्याच भागातून जातात. शेपटी हिसडली की त्या नसा मुळापासून ताणल्या जातात. म्हणून पाय चालतात, तोंड चालतं, आणि मुतायचा निरोप मात्र पोचत नाही. तुंबलेली लघवी मूत्रपिंडांवर उलटा दाब देते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि शेवटी हृदयच थांबतं. अजून एक दिवस गेला असता तर, एवढं बोलून त्या थांबल्या.

मग त्यांनी शेपटीचं मूळ चिमट्यात धरलं. शेवंती गुरगुरली. बाई पहिल्यांदा हसल्या. मुळाशी दुखतंय, म्हणजे आशा आहे. टोकाला चिमटा काढला तर तिला पत्ताच नव्हता.

नळी घालून लघवी काढली. कितीतरी वेळ येतच होती. मग मला म्हणाल्या, “हात धुवून या. घरी हे तुम्हालाच करायचंय. दिवसातून तीनदा.”

१४ जुलै, सोमवार

जमलं नाही.

कृती साधी आहे. न्हाणीत फरशीवर तिला उभं करायचं, तोंड आपल्यापासून पलीकडे. डावा हात छातीखाली. उजवा हात पोटाखालून, मागच्या मांड्यांच्या थोडा पुढे. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. आतड्यांच्या मऊ गुंतवळ्यात एक गोल, निसटती वस्तू लागते. पाणी भरलेला फुगा तेलात बुडवून हातात द्यावा तशी. ती हातात आली की सगळ्या बाजूंनी सारखा, सावकाश दाब द्यायचा, शेपटीच्या दिशेनं. हिसका नाही, बोटांची टोकं रुतवायची नाहीत. फार अडत असेल तर जोर करायचा नाही. आतल्या आत फुटू शकतं. मार्ग सैल राहावा म्हणून एक गोळी दिलीय ती वेगळी. बोका असता तर अवघड होतं, त्यांचा मार्ग अरुंद असतो. मादी आहे हे तुमचं नशीब, असं बाई म्हणाल्या होत्या.

सकाळी ६ वाजता मी आतडी, मूत्रपिंड, कदाचित स्वतःचाच अंगठा असं सगळं दाबून बघितलं. ती वळून माझ्याकडे बघत राहिली. चावली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी हिनं मला बाजूला सारलं. तिच्याही हाताला ते लागलं, पण धार आली नाही.

आई न्हाणीच्या दारात उभी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून गोठा मोडेपर्यंत म्हशी तिच्याच हातच्या. ती म्हणाली, हात गार आहेत तुमचे. हिनं हात गरम पाण्यात बुडवले, पुसले, परत धरलं आणि थांबली. शेवंतीनं श्वास सोडला, पोट सैल पडलं आणि तेवढ्यात दाब दिला. आली! खोकल्याच्या औषधाच्या मापात धरली. ३५ मिली. आम्ही तिघं न्हाणीत उभे राहून ते पिवळं माप उजेडाकडे धरून बघत होतो. बाहेरून कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं!

१९ जुलै, शनिवार

वेळा ठरल्या. सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. दुपारची हिची, शाळा सुटल्यावर. सकाळ-रात्र माझी. आता मलाही जमतं. रिकामं असलं की लिंबाएवढं, भरलं की छोट्या मानकुराद आंब्याएवढं. आता न बघता हात तिथे जातो.

वही केलीय. पतपेढीत आयुष्य खर्ची घातलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार! मांजराला किलोमागे तासाला साधारण एक ते दोन मिली लघवी होते. शेवंतीचं वजन ३ किलो, म्हणजे आठ तासांत २५ ते ५० मिली व्हायला हवी. ४० आली की मला हिशेब जुळल्याचं समाधान मिळतं. २० आली की दिवसभर काउंटरवर बसून तेच डोक्यात. पाणी कमी प्यायली का? आत उरली का?

घरात एक नवा प्रश्न रूढ झालाय. कुणीही कुठूनही आलं की चपला काढता काढता विचारतं, “मुतलें?” काल पोदेरानं पाव देताना विचारलं.

शी वेगळी. ती दोन दिवसांनी, लांब खडा होऊन. पातळ औषध दिलंय, शिवाय शिजवलेला लाल भोपळा कालवून द्या, असं सांगितलंय. ही कोल्हापूरची. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी आमच्या गोव्यातल्या दुदीचा घोळ तिच्या डोक्यातून जात नाही. भाजीवाल्या बाईनं ‘दुदी’ म्हणून तांबडा भोपळाच समोर ठेवला होता, आणि ही ‘हा नको, दुधी द्या’ म्हणून पांढरा घेऊन आली. शेवंतीनं वास घेऊन पाठ फिरवली.

२५ जुलै, शुक्रवार

आजपासून श्रावण. घरात नुस्तं बंद, अंडंसुद्धा नाही. मी चाचरत विषय काढला, की शेवंतीला कोंबडी उकडून द्यायला सांगितलंय. आई देवाच्या वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, “माजराक कसलो श्रावण?” मागल्या पडवीत जुनी शेगडी मांडून दिली. फक्त ते भांडं आत आणायचं नाही.

३० जुलै, बुधवार

काल दुपारी आनंदीआनंद. शेवंती सोप्यावरून उठली तिथे ओलं! आपोआप! हिनं मला कामावर फोन केला. मी येताना पेढे आणले, शेजारच्या काकूंना दिले. कशाबद्दल, ते सांगताना जरा अडखळलो.

आज बाईंना कळवलं तर त्यांनी थंडपणे विचारलं, “ओलं केल्यावर पोट दाबून बघितलंत?” नव्हतं बघितलं. घरी येऊन हात घातला तर मूत्राशय भरलेलं. ते ओलं म्हणजे तिनं मुतणं नव्हे. टाकी काठोकाठ भरली की वरून जे सांडतं ते. उलट ती धोक्याची खूण. दुपारची वेळ चुकली होती का? चुकली होती. हिची शाळेत बैठक होती. दोनच्या ऐवजी पावणेचार झाले होते.

भांडण झालं. पेढे कुणी आणायला सांगितले होते, इथून सुरू झालं.

५ ऑगस्ट, मंगळवार

लघवी गढूळ. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी, आणि वास असा की न्हाणीचं दार उघडलं की कळतं. जंतुसंसर्ग. आत थोडी जरी उरत राहिली तरी हे होतं, आणि अशा जनावरांना परत परत होतं. तपासणीला दिली, गोळ्या सुरू. गोळी तुपात घोळवून द्यायचा हिचा उपाय शेवंतीनं पहिल्याच दिवशी उधळून लावला. तूप चाटलं, गोळी माझ्या पायावर.

शिवाय सारखं ओलं राहून मांड्यांच्या आतली कातडी लाल झालीय. कोमट पाण्यानं पुसायचं आणि कोरडं करायचं. कोरडं! ऑगस्टात, फोंड्यात! आठ दिवस ऊन नाही, दोरीवरचे टॉवेल कुबट. शेवटी आईनं ट्रंक उघडली आणि बाबांची जुनी धोतरं काढली. धुऊन धुऊन मऊ झालेली. मीच फाडून चौकोन केले.

बाबांना शेवटचे चार महिने नळी होती. पिशवी बदलायला एक मुलगा यायचा, रोज साडेआठला. तो आला की मी अंगणात जाऊन पेपर वाचायचो. आज धोतराचा चौकोन हातात घेऊन बसलो होतो, तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. मीही नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

महिना झाला. अशा दुखापतीत जे परत यायचं ते बहुधा पहिल्या महिन्याभरात येतं, असं बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून आज जायची भीती वाटत होती.

त्यांनी कापसाची काडी गुदद्वाराशी हलकेच टेकवली. ते आकसलं. परत टेकवली, परत आकसलं. “मागच्या वेळी हे नव्हतं,” म्हणाल्या. संसर्ग उतरलाय. शेपटी मात्र मेलेली. टोकाशी काळी पडायला लागलीय, घाणीत लोळते, आणि तिचं वजन त्याच नसांना खाली ओढतंय. काढलेली बरी.

गुरुवारी काढायचं ठरलं. हिचे डोळे भरले. मला विचित्र म्हणजे वहीचीच काळजी. भूल दिलेल्या दिवशीचा आकडा कुठे लिहायचा?

१८ ऑगस्ट, सोमवार

शेपटी गेली. मागून ससा दिसते. उडी मारताना तोल जातो आणि पडल्यावर ती लगेच पंजा चाटायला लागते, जणू तिला खालीच यायचं होतं.

येणारे-जाणारे सल्ले देतात. एक म्हणतो, इंजेक्शन देऊन मोकळी करा, हाल कशाला? हे निदान कळकळीनं बोललेलं असतं. त्यावर मी खरंच विचार केलाय, रात्री १० वाजता, तिला हातात धरून. पण ती खाते, उन्हाची तिरीप आली की तिथे जाऊन पडते, न्हाणीत नेलं की आता आपणच उभी राहते. हाल आमचे होतात, ते वेगळं. दुसरा एक जण म्हणाला, मासळी बाजारात सोडून द्या, तिथे जगतात. हा माणूस गेली दहा वर्षं दर गणेशचवथीला आमच्याकडे जेवतो.

खरी अडचण कुणी विचारत नाही. महिनाभरात आम्ही दोघं मिळून कुठेच गेलेलो नाही. बेळगावला मावशीला बघायला जायचं होतं. एकटी हीच गेली, पहिल्या बसनं, आणि रात्री परत. पुतण्याला शिकवायचा प्रयत्न केला. त्यानं ‘ई’ केलं. नऊ वर्षांचा आहे, ठीक आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार

चवथ. घर भरलेलं. चुलतभाऊ, वहिन्या, पोरं, मिळून सव्वीस माणसं. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या छताला, कांगलां कमी पडली म्हणून सकाळी उगाच धावपळ. शेवंती चार वर्षांपूर्वी याच दिवसांत आली होती. माटोळीच्या सामानाच्या टोपलीत, शेवंतीच्या माळांखाली झोपलेली. त्यावरूनच नाव.

सोवळ्याची काळजी होती. न्हाणी एकच, आणि तिथेच हे सगळं. सकाळी वहिनीनं नाक मुरडलं. आई खतखत्याची भाजी चिरत होती. म्हणाली, बायकांनो, तुमची पोरं लहान होती तेव्हा याच न्हाणीत काय काय धुतलं ते मी सांगू काय? पुढे कुणी काही बोललं नाही.

रात्रीची आरती १० वाजताच रंगात आली. घुमट, शामेळ, कांसाळें, सगळ्यांचे आवाज टिपेला. मी हळूच मागे सरकलो, शेवंतीला उचललं, न्हाणीत शिरलो. घुमटाच्या आवाजानं ती थरथरत होती, पोट घट्ट. हात गरम पाण्यात धरून उभा राहिलो. बाहेर एक आरती संपली, दुसरी सुरू झाली. मग ती सैल पडली.

पुतण्या दारातून बघत होता. “काका, माप मी धरू?”

३० मिली. त्यानं वाचली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काल दीड दिवसाचा गणपती पोचवला. पाहुणे गेले, घर एकदम मोठं झालं.

सकाळी ६ वाजता हात घातला तर मूत्राशय लिंबाएवढं. रात्रभराचं असून. दाबलं, १२ मिली. धोतराचा चौकोन कोरडा. सोपा कोरडा, गोणपाट कोरडं, जिन्याखाली कोरडं. मी गुडघ्यांवर घरभर फिरून हात लावत होतो. हीसुद्धा उठून आली.

मागल्या पडवीत कंपाउंडच्या कामाची रेव पडलीय. त्यात एका जागी ओला खड्डा, वर अर्धवट ओढलेली रेव. पण आजूबाजूला तीन बोके आहेत, रात्री येतात. रेव उचलून वास घेतला. इतके दिवस तोच वास घेतोय, तरी खात्रीनं सांगता येईना.

वही उघडली. ६.०० - १२ मिली. पुढे प्रश्नचिन्ह काढलं. दुपारी २ वाजता ही बघेल.