उतार अर्धा, ब्रेक पॅड पूर्ण संपलेले

डोंगरवाटेवर सायकल चालवतानाचे चढाचे दोन तास एका ओळीत उरकतो: मुसळधार पाऊस, पायी चालणाऱ्याचा वेग आणि रेनकोटच्या आत घामाने बाहेरच्याइतकाच चिकचिकाट. चढावर रेनकोट काढून ठेवायचा आणि माथ्यावर चढवायचा, एवढंच मला पटलंय. उतारावर पॅडल मारायचं नसतं, वर वारा लागतो आणि अंगातली ऊब बघता बघता निघून जाते. तिथे तो खरा उपयोगी. सुती बनियन मात्र घालूच नये. भिजलं की ते अंगाला गार फडक्यासारखं चिकटून बसतं.

लिहायचंय ते निम्म्या उतारावर पुढच्या चाकातून आलेल्या ‘खर्रर्र’बद्दल. लोखंडावर लोखंड. पॅडवरचा मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, संपून मागची पत्रीच डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर) घासत होती. निघताना मसाला जेमतेम एक मिलिमीटर होता. कोरड्या वाटेवर तेवढ्यात दिवस सहज निघतो. पावसात निघेलच असं नाही. चाकावरून उडणाऱ्या चिखलातली बारीक वाळू पाण्याबरोबर पॅड आणि डिस्कच्या मध्ये शिरते आणि पॉलिश पेपरचं काम करते. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये पॅड झिजतील तसे त्यांना दाबणारे पिस्टन आपोआप पुढे सरकतात, म्हणून ब्रेकच्या लिव्हरला बराच वेळ काही कळतच नाही. कळतं ते कानाला.

रेझिनचे पॅड मऊ असतात आणि गुपचूप काम करतात, पण पावसात भराभर संपतात. सिंटर्ड म्हणजे मेटलचे पॅड किंचाळतात, गार असताना जरा उशिरा पकडतात, पण टिकतात. मला किंचाळणारे चालतात. फक्त डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं छापलेलं असेल तर मेटलचे लावू नयेत, नाहीतर डिस्कच खाल्ली जाते.

वाटेवर पॅड बदलायला दहा मिनिटं पुरतात. चाक काढायचं, पिनची क्लिप आणि मग पिन काढून जुने पॅड ओढून घ्यायचे. आता घाई नको: पिस्टनच्या कडेचा चिखल आधी बाटलीतल्या पाण्याने धुवायचा, मग टायर लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) पिस्टन सरळ आत ढकलायचे. चिखलासकट ढकलले तर पिस्टनभोवतीचं रबरी सील जातं. नवे पॅड, पिन, क्लिप, चाक. आणि निघण्याआधी ब्रेकची लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहायची. हे विसरलं तर पहिल्याच वळणावर लिव्हर थेट हँडलला टेकते. मग वेग घेऊन, चाक लॉक न करता, वीसेक वेळा वेग उतरवायचा, तेव्हा कुठे पॅड डिस्कवर बसतात. भर पावसात ही बैठक अर्धवटच होते. हाताला चेनचं तेल असेल तर पॅडच्या तोंडाला बोट लावायचं नाही.

एवढं झाल्यावर मजाही सांगायला हवी. टायरमधली हवा नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी केली की मऊ माती चाकाला छान धरते, आणि वाटेवर चिटपाखरू नसतं. ओली मुळं तेवढी दगाबाज. ती काटकोनात ओलांडायची, ब्रेक त्यांच्या आधीच सोडायचा, त्यांच्यावर असताना हँडल वळवायचं नाही. खडबडीत खडक ओलाही बरा पकडतो. शेवाळ आलेला मात्र साबण. डबकं आलं तर तळ दिसत नसला तरी मधूनच, हळू. कडेने वळसा घालणाऱ्यांमुळे वाट दर पावसाळ्यात हातभर रुंद होते, आणि याचा मला चिखलापेक्षा जास्त राग येतो.

परतल्यावर सायकल साध्या नळीनेच धुवावी. प्रेशर वॉशरची धार सीलच्या आत घुसून बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढते. चेन फडक्याने कोरडी करून दर रोलरला पावसाळी तेलाचा एकेक थेंब, आणि वरचं जादा तेल पुसून टाकायचं. शेवटी सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, काढून सायकल उलटी करायची. फ्रेमच्या नळीतून गढूळ पाण्याची धार येते, आणि तळाला साचलेली वाळूही.