बाळंतविड्याची प्रगती: कुंची झाली, दुपटं अर्धं, लाडवांवर अजून एकमत नाही

कुंची झाली. दुपटं अर्ध्याच्या थोडं पुढे आहे. टोपरं आणि मोजे दुसऱ्या दोघींकडे आहेत, त्यांचं त्या सांगतील. गेल्या खेपेला बऱ्याच जणींनी मापं मागितली होती, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते. मधे मधे खाण्याचं येईल, त्याला इलाज नाही.

नवीन मंडळींसाठी: सदाशिव पेठेतलं आमचं लोकरीचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. यात पुणेकरांना सांगण्यासारखं काही नाही. पण बुधवारी त्या तीन तासांतच ते खरं चालू असतं. शटर कमरेपर्यंत खाली, आत सतरंजी, आम्ही सात-आठ जणी आणि एक काका. विक्री नाही. काकू गल्ल्याला कुलूप लावून आमच्यातच विणायला बसतात, आणि समोर बसलेल्या आम्हालाही "गुंडा हवाय ना? चारनंतर घे" असंच सांगतात. काकूंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, दिवस पौषात भरतात. बाळंतविडा आपण सगळ्यांनी मिळून करायचा, हे ठरायला दोन मिनिटंही लागली नाहीत. काकूंच्या सासूबाईंची अट एकच: बाळ जन्मायच्या आधी यातली एकही वस्तू घरात यायची नाही. अंगात घालायचं पहिलं झबलंही दुसऱ्याच्या घरून मागून आणलेलं, जुनं, धुऊन मऊ झालेलंच हवं. म्हणून झालेले सगळे नग दुकानातच, वरच्या फळीवर, जुन्या उशीच्या अभ्र्यात.

सूत की लोकर, यात पहिली बैठक गेली. पुण्यात थंडीत पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तिशीच्या आसपास असतं. सकाळी ऊब देणारं दुपारी घामोळं आणतं. त्यात बाजारात 'बेबी वूल' म्हणून जे मिळतं ते बहुतेक सगळं ॲक्रिलिक. एकीने घरून लेबल हरवलेली पांढरी लड आणली होती. आमच्यातल्या काकांनी काडेपेटी काढली, बोटभर धागा चिमट्यात धरला आणि टोक पेटवलं. लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता, ज्योत आपली आपण विझली असती आणि राख चिमटीत चुरली असती. सूत भुरुभुरु जळून मऊ करडी राख होते. हा धागा आधी आक्रसला, मग वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. काकांनी तो काउंटरच्या काचेवर टकटक वाजवून दाखवला. "ॲक्रिलिक. शेगडीजवळ नको."

शेगडी हा मुद्दा कुणाच्या डोक्यातच नव्हता. बाळ-बाळंतिणीची न्हाणी झाली की ओव्याची धुरी असणार, निखारे असणार. ॲक्रिलिक वाईट असतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. मशीनमध्ये धुता येतं, रंग टिकतो, खिशाला परवडतं. माझे मफलर त्याचेच असतात. पण या खोलीत नको. तेव्हा 4 प्लाय जाडीचं सूत, आणि एकाच लॉट नंबरचं, म्हणजे एकाच खेपेला रंगवलेलं. पांढऱ्यातही लॉट बदलला की उन्हात फरक दिसतो, त्यामुळे कुंचीची आणि टोपऱ्याची लड आधीच बाजूला काढून ठेवली.

आता कुंची. 10 नंबरच्या सुया, म्हणजे 3.25 मिमी. (आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे नवीन शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीत 10 सेंमीत 28 टाके आणि 36 ओळी येतात. नमुना धुऊन, वाळवून मगच मोजा, सूत पहिल्या धुण्यात थोडं आटतं. चेहऱ्याच्या कडेला 84 टाके घातले, म्हणजे 30 सेंमी. पहिल्या 6 ओळी दोन्ही बाजूंनी सुलट, म्हणजे कड वळत नाही. मग सुलट-उलट करत एकूण 48 ओळी, साधारण 13 सेंमी खोली.

मागची शिवण हा खरा वादाचा विषय. 42-42 टाके दोन सुयांवर समोरासमोर घेऊन तिसऱ्या सुईने एकत्र बंद करणं सोपं, पण त्याने उभा कंगोरा राहतो, आणि बाळ सारखं उताणं निजणार. आमच्यातल्या जळगावच्या ताईंनी माझ्या हातातून काम काढून घेतलं आणि बोथट शिवणसुईने टाक्याला टाका असा जोडला की ओळ कुठे संपली ते बोट फिरवून कळत नाही. डोक्यामागे येणाऱ्या प्रत्येक जोडाला ही मेहनत घ्यायलाच हवी असं माझं मत झालंय.

मानेसाठी दोन्ही बाजूंच्या कडांवरून टाके उचलायचे. दर 4 ओळींना 3, म्हणजे 48 ओळींतून 36, दोन्ही मिळून 72. एक ओळ उलट. मग नाडीची ओळ: 2 सुलट, धागा पुढे, 2 एकत्र, अशी 18 भोकं. परत एक उलट ओळ, आणि पुढच्या ओळीत प्रत्येक टाक्यात दोनदा विणून 144. इथून खाली घोळ, 28 सेंमी. दोन्ही कडांचे 5-5 टाके कायम सुलट. 100 ग्रॅमची एक लड आरामात पुरते. नाडी सुताचीच, आखूड, आणि मागे मधोमध दोन टाके घालून पक्की केलेली, म्हणजे ओढली तरी बाहेर येत नाही. गोंडे, मणी, मोती काही नाही. ते बारशाच्या फोटोपुरते छान, नंतर थेट तोंडात जातात.

हे काका, आमच्यातले एकमेव पुरुष सदस्य, पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते, निवृत्तीनंतर विणायला शिकले. खिशात व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं माप, घेऊनच येतात. जुन्या ॲल्युमिनियमच्या सुयांवरचे नंबर पुसलेले असतात, ते यांनी मोजून प्रत्येक जोडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. माझ्या आईकडून आलेली 'दहा नंबर' 2.95 मिमी निघाली, म्हणजे 11. कुंची त्या सुईने केली असती तर बाहुलीला झाली असती.

यांनीच दुकानातली वही उघडी पाडली. वही पुढून डिझाइनची आणि मागून पदार्थांची आहे. कुणी काही डबा आणला की त्याची कृती मागच्या बाजूला लिहायची असा रिवाज. दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या आहेत, वेगवेगळ्या शाईत. पुढे "हात सैल असेल तर 76च घाला." मागे "माझ्या वाटीने गूळ जास्त होतो, पाऊण पुरे." अळिवाच्या लाडवांच्या पानावर तर मूळ कृती शोधावी लागते.

ती अशी आहे: पाव वाटी अळीव, एका नारळाचं पाणी, त्याच नारळाचं खवलेलं खोबरं, एक वाटी चिरलेला गूळ. अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवायचे, ते फुगून बुळबुळीत होतात. मग सगळं एकत्र कालवून गुळाला पाणी सुटेपर्यंत ठेवायचं, मंद आचेवर गोळा होईस्तोवर परतायचं, शेवटी जायफळ. गार झाल्यावर वळायचे. ओलं खोबरं असल्यामुळे फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायचे.

या लाडवांचा अनुभव प्रत्येकीचा वेगळा. कुणाचे बसतात, कुणाचे दगड, कुणाचे नुसते गोड. म्हणून व्हर्नियरवाल्या काकांनी फर्मान काढलं, पुढच्या बुधवारी प्रत्येकीने स्वयंपाकघरातली रोजची वाटी आणायची. आणल्या. काउंटरवर ओळीने मांडल्या: आमटीची, सासूबाईंच्या रुखवतातली पितळी, एक चहाच्या मसाल्याबरोबर फुकट मिळालेली प्लास्टिकची. काकांनी मापाच्या नळकांड्याने पाणी ओतून मोजलं. सगळ्यात लहान 110 मिली, सगळ्यात मोठी 190. एकदम शांतता, आणि मग "तरीच!" असा जो काही गलका झाला!

पण खरी गंमत त्यानंतर निघाली. काका म्हणाले, वाटी कुठलीही असो, सगळं त्याच वाटीने घेतलं तर प्रमाण बिघडत नाही. या कृतीत बिघडतं, कारण अळीव आणि गूळ वाटीने आहे आणि खोबरं नारळाने. वाटी मोठी आणि नारळ लहान, की लाडू दगड. वहीत आता खोबऱ्यापुढे "सपाट 2 वाट्या, त्याच वाटीने" असं लिहिलंय, तारखेसकट. आणि विणकामाचंही तसंच आहे. नुसत्या टाक्यांचं डिझाइन चालतं, नुसत्या सेंटिमीटरचंही चालतं, पण "84 टाके घाला, मग 13 सेंमी विणा" असं दोन्हींची मिसळ करून लिहिलं आणि हाताचं माप (10 सेंमीत किती टाके, किती ओळी) दिलं नाही, की प्रत्येकीची कुंची निराळी. 84 टाके 10 सेंमीत 25 बसणाऱ्या सैल हाताने साडेतेहतीस सेंमी होतात आणि 31 बसणाऱ्या घट्ट हाताने 27. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर 34-35 सेंमी असतो, त्या हिशेबात इतका फरक म्हणजे एक कुंची नाकावर आणि दुसरी कानांच्या वर. त्यामुळे वहीच्या पुढच्या बाजूलाही आता प्रत्येक डिझाइनजवळ हाताचं माप चढवायचं काम सुरू आहे. जुनी पानं ज्यांनी लिहिली त्यातल्या काही जणी आता येत नाहीत, त्यांची मापं नमुना विणूनच काढावी लागतील.

मेथीच्या लाडवांचं पान मात्र कुणी हात लावू देत नाही. ते अमरावतीच्या मावशींचं. मेथीची पूड तुपात दोन-तीन दिवस भिजवून ठेवायची, कडूपणा बराच उतरतो, एवढंच त्या सांगतात. बाकीचं "डोळ्यांनी". डिंकाच्या लाडवांत गूळ की साखर यावर त्यांचं आणि काकूंचं बोलणं सध्या तात्पुरतं बंद आहे. मी गुळाच्या बाजूने आहे, पण ते मी दोघींनाही सांगितलेलं नाही.

खाण्यामुळे नुकसान होत नाही असं नाही. एका बुधवारी दडपे पोहे आले. पातळ पोहे, खोबरं, कांदा, नारळाच्या पाण्याचा हबका, वरून हळद-हिंगाची कडकडीत फोडणी, झाकण दडपून. अप्रतिम. चमच्याने खायचा नियम असूनही एक पिवळं बोट कुंचीच्या घोळाला लागलंच. कुणाचं ते विचारायचं नाही असं ठरलं. मग कुणीतरी घाईघाईने साबण लावला आणि डाग लालभडक झाला. हळद क्षाराने लाल होते; कुंकवासाठी हळदीला चुना लावतात तो याच कारणाने. साबण नीट खळबळून काढला की लाली जाऊन पुन्हा पिवळं होतं, आणि पिवळ्याला ऊन हा उतारा. गच्चीच्या दोरीवर कुंची ओलीच वाळत घातली, रोज पुन्हा भिजवून. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. आता कुठे होता ते मला माहीत आहे म्हणून दिसतो, इतरांना नाही. ब्लीच वापरायला मी साफ नकार दिला. बाळाच्या गालाला लागणारी वस्तू आहे. आणि तेव्हापासून नियम कडक: विणकाम अभ्र्यात, मग डबे उघडायचे. तेल-हळद असलेलं काही असेल तर हात धुवायला मागच्या मोरीत जायचं, सतरंजीच्या कडेला पुसायचे नाहीत.

दुपट्याचा रंग हळदी घेतलाय. कारण उघड आहे.

दुपट्याला आधी ग्रॅनी स्क्वेअर (क्रोशाचे जाळीदार चौकोन) ठरले होते, प्रत्येकीने चार-चार करून जोडायचे. दिसायला झकास, पण त्या भोकांत बाळाची बोटं अडकतात, म्हणून ते बाद. आता साधी भरीव वीण चाललीय: 3.5 मिमीची क्रोशाची सुई, 160 साखळ्या (सम संख्या हवी). सुईपासून चौथ्या साखळीत मुका खांब (सिंगल क्रोशे), मग 1 साखळी, एक घर सोडून मुका खांब, असं शेवटपर्यंत. पुढच्या ओळीला 2 साखळ्या घेऊन वळायचं आणि आधीच्या ओळीतल्या साखळीच्या जागेत मुका खांब, 1 साखळी, असंच. शेवटचा खांब वळणाच्या साखळीच्या जागेत, तो सुटला की कड तिरकी जाते. माझ्या हाताने 10 सेंमीत 20 घरं बसतात, म्हणजे रुंदी 80 सेंमी. तेवढीच लांबी. काठाला फक्त मुके खांब, कोपऱ्यात एकाच घरात तीन. वीण लक्षात ठेवायला काही नसल्यामुळे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला घेऊन जायला उत्तम. विलंबित ख्यालात माझ्या ओळी आपसूक एकसारख्या येतात, द्रुत लागलं की हात घट्ट होतो, त्यामुळे तराण्याला काम खाली ठेवते.

सध्या अडलंय ते मोज्यांपाशी. टाचेच्या विणीसाठी 12 नंबरच्या दोन्ही टोकं उघड्या असलेल्या सुया हव्यात, दुकानातला संच मोडका आहे आणि रविवार पेठेत मिळाला तो 14 नंबरचा. कुणाकडे पडून असेल तर बुधवारी घेऊन या, काका मोजून बघतील. येताना डबा कोरडा आणा. आणि वाटी परत न्यायला विसरलेल्या दोघींनी ती घेऊन जा, काकूंनी त्यांत टाचण्या भरायला सुरुवात केलीय.