गंगावेशीचा कट्टा आणि माझी बाटली

आमच्या घरात दुधाची पारख कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर शिकलेली. म्हैस डोळ्यांदेखत पिळायची आणि फेसाळ पेला तिथंच उभ्यानं रिकामा करायचा. अशा माणसांत मी बाळंत झाले.

पहिल्या दिवशी सिस्टरनी पिळून दाखवलं, तर चमचाही भरेना. पिवळंधमक, चिकट. सासूबाई म्हणाल्या, "चीक हाय, टाकू नगंस. आमच्या वेळंला पिळून टाकायला लावायच्या." खरवसासाठी गवळ्याच्या मागं लागणारी माणसं लेकराचा चीक मात्र मोरीत ओतायची!

चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली आणि दूध उतरलं. रंग हळूहळू फिका होत गेला. दोन आठवड्यांनी पंप लावला, तर बाटलीत निळसर, पातळ पाणीच. "ह्यात काय जीव हाय गं?" एवढं एक वाक्य, आणि मी रात्रभर रडले. दुसऱ्या दिवसापासून अळिवाची खीर दोन वाट्या झाली, ते वेगळंच.

बाटली फ्रीजमध्ये तशीच राहिली होती. सकाळी बघते तर वर पिवळसर सायीचा जाड थर, खाली निळसर दूध. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, सुरुवातीचं दूध पातळच असतं, स्तन रिकामा होत जातो तशी स्निग्धता वाढते. साय आली म्हणजे दूध फाटलं असं नाही, बाटली हलक्या हातानं गोल फिरवायची. दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होतात ना, वजन वाढतंय ना, मग रंग कशाला बघता?

तरी तिसऱ्या आठवड्यात रंग बघावाच लागला. दूध गुलाबी! हातपाय गळाले. तपासल्यावर कळलं, पंपाचं नरसाळं मला लहान होत होतं, त्यानं स्तनाग्राला चीर पडली होती. थोडं रक्त पोटात गेलं तरी बाळाला अपाय नाही, पण थांबलं नाही, गाठ लागली किंवा ताप आला तर लगेच या, असं मॅडमनी बजावलं. मोठं नरसाळं आणलं. तीन दिवसांत रंग गेला. (पंप विकणाऱ्यानं मापाचा म ही काढला नव्हता.)

आता बाटल्यांवर तारीख मी घालते, चार दिवसांच्या आत संपवायच्या म्हणून. आणि रोज सकाळी फ्रीज उघडतात सासूबाई. बाटली उजेडात धरून म्हणतात, "आज साय झ्याक आलीया."