भुऱ्याचा पट्टा, दोरी अन् शिट्टी : माझा अनुभव

आमच्या कुत्र्यासाठी, भुऱ्यासाठी, वर्षभरात काय काय सामान घेतलं, त्यातलं काय कामाचं निघालं अन् काय कोठ्यातल्या खुंटीला तसंच टांगलेलं राहिलं ते सविस्तर लिहितेय. मी शोधत होते तेव्हा जे काही वाचायला मिळालं ते सगळं शहरातल्या फ्लॅटमधल्या कुत्र्यांचं होतं, सोफ्यावर चढू नये, पाहुण्यांवर उडी मारू नये वगैरे, अन् आमच्याकडे प्रश्न बकऱ्यांचा, रोह्यांचा (म्हणजे नीलगायींचा) अन् दारासमोरून जाणाऱ्या मोटरसायकलींचा.

आम्ही दारव्हा तालुक्यात राहतो, घर गावाच्या टोकाला, मागं लागूनच वावर. भुऱ्या गावठी आहे, पोळ्याच्या सुमारास दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आणलं होतं, तूर शेंगेवर आली की रानडुकरं अन् रोही रात्र रात्र झोपू देत नाहीत म्हणून जागलीला सोबत. थंडीभर गुणाचा होता. फेब्रुवारी लागला, सात-आठ महिन्यांचा झाला अन् एकदम बदलला, हाक मारली तर मान वळवून पाहायचा अन् पुन्हा आपल्या वाटेने. मग एक दिवस शेजारच्या काकूंच्या गाभण बकरीच्या मागं लागला, बकरी घाबरून नाल्यात पडली, पायाला मार लागला. औषधाचा खर्च आम्ही दिला पण काकू म्हणाल्या ते माझ्या कानातून गेलं नाही, "बाई, आज पायावर भागलं, उद्या जीव गेला तं मी नाई आयकून घेणार." अशा कुत्र्याचं गावात काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, कोणीतरी रात्री काहीतरी खायला टाकून जातं अन् सकाळी कुत्रा धुऱ्यावर पडलेला सापडतो. त्या रात्री मी खरंच झोपले नाही.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पहिले लोढणं घातलं. उनाड गाईच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात ना, तसाच छोटा. त्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांनी आयुष्यभर ढोरांसाठी तेच पाहिलंय. पण दोन दिवसात भुऱ्याच्या पुढच्या पायांची सालटी निघाली, अन् बकरी दिसली की तो लोढण्यासकट पळायचा, लाकूड नडग्यांवर आपटत, म्हणजे लागत होतं तरी थांबत नव्हता. मी ते काढून टाकलं. मग लोखंडी साखळी, दिवसभर बांधून. त्यानं तर अजून बिघडलं. जे दिसेल त्यावर झेप, साखळी संपली की गळ्याला हिसका, पुन्हा झेप, अन् संध्याकाळी सोडला की बंदुकीतून गोळी सुटावी तसा. आमच्या ह्यांनी तेव्हाच वाचलं की 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात फार आखूड किंवा फार जड साखळीनं जनावर वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं अन् बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हे दोन्ही गुन्ह्यात धरलेलं आहे. इथं कोणी तक्रार करत नाही ते सोडा, पण मला ते वाचून वाटलं की ज्यांनी हे लिहिलं त्यांनी असाच एखादा कुत्रा पाहिला असणार.

मग यवतमाळला गेलो. दुकानदारानं मी "ऐकत नाही" म्हणायचा अवकाश, दोन वस्तू काढल्या. एक चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी, अन् एक आतल्या बाजूनं काट्यांचा पट्टा. काट्यांचा पट्टा दाखवताना म्हणाला, ताई तुमच्याकडे जंगली जनावर येत असेल तर हाच न्या. मला तेव्हा खरं वाटलं, पण हे पूर्ण उलटं आहे. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालतात, त्याचे खिळे बाहेर असतात, बिबट्यानं गळा धरू नये म्हणून. आत काटे असलेला पट्टा बिबट्याला काही करत नाही, तो फक्त कुत्र्यालाच टोचतो. काट्यांचा नाही घेतला पण चोक चेन घेतली, अन् चार दिवसात भुऱ्या ओढताना खोकायला लागला, घशातून खरखर आवाज. ती साखळी श्वासनळीवरच बसते. अन् अजून एक, ती घालून कुत्रा मोकळा सोडला अन् साखळी कुंपणाच्या बाभळीच्या फांदीत अडकली तर तो सुटायला जितका ओढेल तितकी आवळत जाईल. हे मला कोणी विकताना सांगितलं नाही.

खोकला दाखवायला तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं अन् तिथं माझं डोकं ठिकाणावर आलं. त्यांनी आधी साखळी काढायला लावली अन् मग विचारलं, यानं नेमकं काय करायला पाहिजे तुम्हाला? मी म्हटलं, बकऱ्यांमागं पळू नये. ते म्हणाले, हे "काय करू नये" झालं, करावं काय? मी विचार करून म्हटलं, हाक मारली की यावं. मग म्हणाले, तर तुम्हाला दोन वेगळी कामं करायची आहेत, शिकेपर्यंत तो बकरीपर्यंत पोचू नये हे एक, अन् येणं फायद्याचं आहे हे त्याला कळावं हे दुसरं. प्रत्येक सामान यातल्या एकाच कामाचं असतं. मी आतापर्यंत जे घेतलं होतं, लोढणं, साखळी, चोक चेन, सगळं अडवायचंच होतं अन् तेही दुखवून, शिकवायचं त्यात एकही नव्हतं. शॉक कॉलरबद्दलही, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याबद्दल, मी तेव्हाच विचारलं, ऑनलाइन दिसली होती. ते म्हणाले कुत्र्याला झटका बसतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर जे असतं त्याच्याशी तो दुखणं जोडतो, समोर बकरी असेल तर बकरीशी, तुमचं पोरगं असेल तर पोराशी. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, विषय तिथंच संपला. वेल्समध्ये तर 2010 पासून त्यावर बंदीच आहे.

आता अडवायच्या सामानाचं सांगते.

पट्टा साधा, सपाट, इंचभर रुंद, बकलवाला. मापाची एकच गोष्ट लक्षात ठेवायची, पट्टा अन् मान यांच्यामध्ये आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, त्यापेक्षा सैल असला तर डोक्यावरून निघतो. अन् वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला पाहायचा. आमच्या गावात पिल्लाच्या गळ्यात सुतळी नाहीतर वायर बांधतात अन् विसरतात, पिल्लू वाढतं, सुतळी वाढत नाही, ती कातडीत रुतते अन् पावसाळ्यात त्या जखमेत किडे पडतात. मी असं एक कुत्रं पाहिलंय म्हणून एवढं कळकळीनं लिहितेय, कृपा करून सुतळी बांधू नका.

हार्नेस म्हणजे छातीवरून घालायचा पट्टा. मामाजी पाहून म्हणाले, "काऊन वं बाई, कुत्र्याले बंडीले जुपतं का काय?" अन् ते बरोबरच बोलले होते, फक्त पाठीवर कडी असलेल्या हार्नेसमध्ये कुत्रा बैल जुवाला जोर लावतो तसाच छातीनं जोर लावतो, बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांनाही हार्नेसच असतं. म्हणून चालताना ओढणारा कुत्रा असेल तर छातीवरही एक कडी असलेलं घ्यायचं. तिथं दोरी लावली की तो पुढं जोर करायला गेला की त्याचं अंगच आपल्याकडे वळतं, गळ्याला काही होत नाही. मापात दोन्ही पुढच्या पायांच्या मागं, काखेत घासतं का ते पाहायचं, भुऱ्याचं पहिलं हार्नेस तिथं घासत होतं, केस गेले, बदलून घ्यावं लागलं. खाली गोचिडही लपतात, रोज काढून पाहावं लागतं.

अन् सगळ्यात कामाचं निघालं ते म्हणजे लांब दोर, दहा मीटर. एवढ्या एका वस्तूनं आमचा कुत्रा वाचला असं मी म्हणेन. पहिले घरातला नायलॉनचा दोर वापरला, भुऱ्या सुटला अन् तो तळहातातून सरसर गेला, दोन बोटांची कातडी गेली, आठ दिवस भाकर थापता आली नाही. मग सुती घेतला, कासऱ्याच्या जाडीचा. भिजला की जड होतो पण हात कापत नाही. लांब दोर गळ्याच्या पट्ट्याला कधीच लावायचा नाही, दहा मीटर वेगात पळून एकदम थांबला तर मानेला केवढा हिसका बसेल, तो हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच. हाताला गुंडाळायचा नाही, आमच्याकडे बैलाच्या कासऱ्यानं बोट गेलेली माणसं आहेत. बटन दाबलं की गुंडाळली जाते ती बारीक दोरीची डबी मात्र घेऊ नका, पायात अडकली की कापते अन् बैलबंडी समोर आली तर वेळेवर आवरत नाही.

दुसरं काम शिकवायचं, अन् त्याचं खरं सामान म्हणजे खाणं. ज्वारीची भाकर अंगणात चालायची, वावरात गेलं की तिच्याकडे पाहायचा पण नाही. मग उकडलेलं अंडं, अन् बकऱ्या दिसतील तिथं उकडलेली कोंबडीची कलेजी, मीठ-कांदा-लसूण काही न घालता, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. तुकडा तुरीच्या दाण्याएवढा, हो तेवढाच, नाहीतर दहा मिनिटात पोट भरतं, अन् तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करायचं. कमरेला कापडी पिशवी शिवून घेतली, पदरात कलेजी बांधून होत नाही.

क्लिकर ही छोटी डबी, दाबली की टिक वाजते. लहानपणी जत्रेत पत्र्याचा टिकटिक बेडूक मिळायचा त्यातलाच प्रकार. यामागं पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञांचं काम आहे, त्यांना 1904 चं नोबेल पचनाच्या अभ्यासासाठी मिळालं, अन् तेच करताना त्यांच्या लक्षात आलं की खाणं यायच्या आधीच्या खुणेनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पहिले तीन दिवस मी काही शिकवलंच नाही, टिक, तुकडा, टिक, तुकडा, एवढंच. चौथ्या दिवशी टिक वाजली की भुऱ्या वळून माझ्याकडे पाहायला लागला. मग ज्या क्षणाला तो माझ्याकडे वळला त्याच क्षणाला टिक. उशीर झाला तर तो टिक वाजताना जे करत होता तेच शिकतो, म्हणून डबी पिशवीतून काढत बसायचं नाही, हातातच पाहिजे. डबी नसेल तर एक छोटा शब्दही चालतो, आमचे हे "वा" म्हणतात, फक्त दरवेळी तोच अन् तशाच सुरात, रागात असताना आपला सूर बदलतो अन् डबीचा बदलत नाही, तिचा फायदा तेवढाच.

वावरात आवाज पोचत नाही, वारा असला तर अजिबात नाही, म्हणून शिट्टी. माणसाला ऐकू न येणारी शिट्टी पण मिळते, कुत्र्याला साधारण 45 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं अन् आपलं 20 हजारावर संपतं. पण ती वाजली का नाही ते आपल्यालाच कळत नाही, मी साधी स्टीलची घेतली, शाळेतल्या सरांकडे असते तशी. आमचं घर शाळेपासून लांब आहे, शाळेजवळ राहत असाल तर वेगळ्या आवाजाची घ्या.

मार्चपासून सराव सुरू केला. आधी अंगणात, मग शकुंतलेच्या, म्हणजे इथल्या जुन्या छोट्या रेल्वेच्या रुळावर, गाडी बंद झाल्यापासून तिथं दोन्ही बाजूला गवत वाढलंय अन् वर्दळ नसते, मग वावरात. उन्हं तापायला लागली तसं सकाळी साडेपाचला निघायचं, परत येताना जमिनीला हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद लावून पाहायची, हाताला सोसवत नसेल तर त्याच्या पायालाही नाही. शिट्टी, तो वळला की टिक, आला की कलेजी. मग काकूंच्या बकऱ्या चरत असायच्या त्यांच्यापासून शंभर पावलं लांब उभं राहायचं. त्याचे कान टवकारले पण अजून माझं ऐकतोय एवढं अंतर धरायचं. नव्वद पावलं, ऐंशी. मध्ये एकदा मी घाई केली, चाळीसवर नेला, तो दोरासकट ओढत गेला, मी पडले, पण दोर सोडला नाही अन् तो बकरीपर्यंत पोचला नाही, पुन्हा ऐंशीपासून सुरुवात. काकू रोज पाहायच्या, एक दिवस त्यांनी स्वतःच बकऱ्या अडवून धरल्या माझ्यासाठी अन् म्हणाल्या, "आन आता जरा जौळ, मी हाओ इथं."

तोंडाला बांधायच्या जाळीचं राहिलं. रेबीजची लस द्यायला नेताना भुऱ्या घाबरतो अन् घाबरलेला कुत्रा चावू शकतो, म्हणून घेतली. कापडाची आवळपट्टी स्वस्त मिळते पण त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत, अन् कुत्र्याचं अंग मुख्यतः धापा टाकूनच थंड होतं, आमच्याकडच्या 45 डिग्रीत ते जिवावर बेतेल. म्हणून टोपलीसारखी, ज्यात तो तोंड उघडू शकतो, पाणी पिऊ शकतो अशी. डवरणीला बैलाला मुस्कं बांधतो ना, साधारण तीच घडण. आठवडाभर आधी तिच्यात अंडं ठेवून त्याला आपण होऊन तोंड घालू दिलं, म्हणून आता दाखवली की स्वतःच नाक घालतो.

जुलैत, सोयाबीन गुडघ्याएवढं असताना, दोन रोही पलीकडच्या धुऱ्यावरून आत आले अन् भुऱ्या मागं लागला. त्या दिवशी त्याला दोर नव्हता. तो काकूंच्या वावराच्या हद्दीवर, तिथं बकऱ्या बांधलेल्या. मी शिट्टी वाजवली, माझे हात थरथरत होते. तो थांबला, रोह्यांकडे पाहिलं, बकऱ्यांकडे पाहिलं अन् वळून सरळ माझ्याकडे आला. पिशवीत होती नव्हती तेवढी सगळी कलेजी मी त्याला तिथंच दिली.

मोटरसायकलींचं अजून जमलं नाही. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की तो अजूनही उठतो, म्हणून रस्त्याकडे जाताना छातीच्या कडीला दोरी लावूनच जातो, अन् लांब दोर दाराजवळच्या खुंटीलाच ठेवलाय. त्याचं एक टोक आता उसवलंय, बाजाराच्या दिवशी नवा आणायचा आहे.