कागदाच्या गोवऱ्या

गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे फाळके हे माझं रोजचं काम. लातूर-औसा रस्त्याला फॅब्रिकेशनचं लहानसं दुकान आहे. एका बचत गटाच्या बायका 'कागद दाबायचं यंत्र' मागायला आल्या, तेव्हा मला वाटलं पत्रावळ्यांचं मशीन असेल. तसं नव्हतं. त्यांना वाया गेलेल्या कागदाचं जळतण करायचं होतं. कुणीतरी मोबाईलवर लाकडी दांड्याचं यंत्र पाहिलं होतं आणि तेच लोखंडी, गंजणार नाही असं हवं होतं.

कागद कुठून आणणार, हे मी आधी विचारलं. लातूर शिकवण्यांचं गाव. परीक्षा संपल्या की होस्टेलं रिकामी होतात आणि सराव पेपरांचे ढीग मागं राहतात. त्यातला कोरडा, सरळ कागद रद्दीवाला वजनावर नेतो. तो जाळणं म्हणजे हातानं पैसे जाळणं. पण भिजलेला, तेलकट झालेला, यंत्रात बारीक कातरून टाकलेला कागद कुणी घेत नाही. गटातल्या एक ताई होस्टेलच्या मेसवर पोळ्या करतात. तिथून त्या असली पोती आणणार होत्या. हिशेब पटला, म्हणून काम घेतलं.

यंत्र सोपं आहे. चार इंची पाइपचा साचा, त्याला चहूबाजूंनी ड्रिलनं बारीक भोकं. मधोमध एक इंची नळी उभी. वरून दट्ट्या. दांडा सहा फुटी आणि साचा टेकूपासून नऊ इंचांवर. म्हणजे दांड्याच्या टोकावर पन्नास किलोचा भार दिला की साच्यावर चारशे किलोंचा दाब येतो. गाडीचा जॅक लावा, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. जॅकनं दाब जास्त मिळतो, पण दरवेळी वर-खाली करत बसावं लागतं. शिवाय साच्यातून निघालेली कागदाची वडी फार ठोस झाली की तिच्यात हवा खेळत नाही. बायांच्या कामाला दांडाच बरा.

चाचणी एप्रिलमध्ये, गटाच्या अध्यक्षताईंच्या अंगणात ठरली. दुकानात काढून पत्र्यावर वाळवलेल्या काही वड्या मी सोबत नेल्या होत्या. इकडं कागद दोन दिवस टिपात, म्हणजे पाण्याच्या पिंपात, भिजत घातलेला. दोघींनी तो पायांनी तुडवून पार लापशीसारखा केला होता. यात डिंक, खळ, काही घालावं लागत नाही. भिजून सुटे झालेले कागदाचे तंतू दाबले आणि वाळले की एकमेकांना आपोआप धरतात. एक बाई जुन्या लग्नपत्रिकांची पिशवी घेऊन आली होती. ती मी बाजूला ठेवायला लावली. चकचकीत कागदावर चिनी मातीचा थर असतो, तो जळत नाही, नुसती राख वाढवतो. प्लास्टिकची पातळ कातडी असलेली पत्रिका तर चुलीत नकोच. एटीएमच्या गुळगुळीत पावत्याही नकोत, त्यांच्यावर रसायन असतं.

पहिली वडी दाबली. भोकांतून काळपट पाणी भळाभळा वाहिलं आणि मातीत जिरायला लागलं. आतापर्यंत ओट्यावर गप्प बसलेल्या अध्यक्षताईंच्या सासूबाई एकदम ओरडल्या, "आगं, पाणी सांडायलाव का? खाली काहीतरी धरा की!"

एका किलो कागदाला दहा-बारा लिटर पाणी लागतं. लातूरला १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तो उन्हाळा काढलेल्या बाईसमोर तुम्ही जळतणासाठी पाणी ओतून दाखवू शकत नाही. लगेच एक घमेलं साच्याखाली गेलं. निथळलेलं पाणी पुन्हा टिपात, त्याच पाण्यात पुढचा कागद. मी तिथंच ठरवलं की साच्याखाली उतार देऊन पन्हळ जोडायची. हे त्या मोबाईलवरच्या यंत्राला नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं.

मग चूल. माझ्या वाळलेल्या वड्या पेटल्या, पण जाळ बुटका आणि धूर भरपूर.

"हे जळायलंय का धुपायलंय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

थोड्या वेळानं वड्या लालबुंद झाल्या. सासूबाईंनी ज्वारीची भाकरी थापून तव्यावर टाकली, उलटवली आणि मग चुलीच्या तोंडाशी विस्तवाला लावली. भाकरी एका कडेनं फुगली, बाकी तशीच. वर पांढरी राख चिकटली. त्यांनी ती फडक्यानं झटकली आणि मला म्हणाल्या, "बाबा, ह्याला आर न्हाई. वरण शिजंल ह्याच्यावर. भाकर न्हाई."

बरोबरच होतं. आर म्हणजे निखारा. बाभळीचा कोळसा घट्ट असतो, टिकतो. कागदाचा निखारा हात लागला की विस्कटतो.

त्यांनी कोपऱ्यातली तुरीची काडी मोडली आणि वडीच्या मधल्या भोकात खुपसली. वड्या जमिनीवरून उचलून दोन विटकरींवर टेकवल्या. खालून हवा मिळाल्यावर भोक धुराड्याचं काम करायला लागलं. जाळ वर आला, धूर कमी झाला. भाकरी पूर्ण फुगली असं म्हणणार नाही, पण खाण्याजोगी झाली. लगद्यात सोयाबीनचं भुसकट निम्मं मिसळायचं, हेही त्यांचंच. मळणीनंतरचं भुसकट बारीकच असतं, वेगळं कुटावं लागत नाही.

हे चाललेलं असताना अध्यक्षताईंची बी.ए.ला असलेली मुलगी मोबाईलवर आकडे मांडत होती. गॅस किलोला जवळपास अकरा हजार किलोकॅलरी देतो, कोरडा कागद साडेतीन-चार हजार. पण साध्या चुलीत दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीवर साठ टक्क्यांच्या आसपास. तिनं मांडणी करून सांगितलं, "१४.२ किलोच्या एका सिलिंडरच्या जागी सुमारे दोन क्विंटल कागद लागतोय, काका." अंगणात जरा शांतता पसरली. मेसवाल्या मालकाला या वड्या विकायचा बेत मनात होता, तो तिथंच मिटला. मला तर ते बरंच वाटलं. फुकटचं इंधन म्हणून जे सांगितलं जातं, त्यात पाणी, भिजवणं, तुडवणं आणि आठवडाभर उलथत बसणं कुणी धरत नाही. पावसाळ्यात तर वड्या वाळतच नाहीत, बुरशी धरतात.

पण यंत्र परत न्या, असं कुणी म्हणालं नाही. आंघोळीचं पाणी प्रत्येक घरात तापवावं लागतं आणि त्यासाठी सिलिंडर जाळणं कुणालाच परवडत नाही. अध्यक्षताईंनी पत्र्याचा बंब आणून समोर ठेवला. माझी चार इंची वडी त्याच्या मधल्या नळीत जाईना. त्यांनी सुतळीनं नळीचं तोंड मोजून दिलं आणि नवा साचा त्या मापाचा सांगितला, मधल्या भोकासकट. वर अट घातली की दांडा तोच चालला पाहिजे, त्याचे पैसे दुसऱ्यांदा देणार नाही. साच्याचे अर्धे तिथंच दिले. पन्हळीचे मात्र देणार नाही म्हणाल्या, ती यंत्रात आधीच असायला हवी होती.