बाबांची ट्रायल आणि पहिल्या ईसीजीचा कागद

नव्या औषधाच्या ट्रायलचं नाव काढलं की लोक पहिले रिस्क विचारतात. माझा जीव मात्र एका ईसीजीच्या कागदानं खाल्ला, अजून आठवलं की डोकं तापते, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

आमचं गाव पांढरकवड्याकडचं. कापूस वेचणीच्या दिवसात बाबांना अटॅक आला. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात ईसीजी काढला, गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि लगेच नागपूरला पाठवलं. तिथं जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. नागपूरच्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

वॉर्डात असतानाच रिसर्चच्या मॅडम आल्या. अटॅकनंतर हार्ट कमजोर होत जाते ते थांबवता येते का हे पाहायची गोळी होती, फेज ३ ची ट्रायल, म्हणजे बऱ्याच पेशंटवर घेतात ती मोठी चाचणी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन ही नेहमीची औषधं चालूच राहणार, वरून एक गोळी जादा, आणि ती औषधाची की नुसती तशीच दिसणारी हे कम्प्युटर ठरवतो, डॉक्टरलाही माहीत नसते. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माह्या कामी नाही आलं त पुढच्या माणसाच्या येईन ना." तिकडून काकांचा फोन, "दादाले उंदीर बनवून राहिला काय रे तू?" काकांना समजवायला वेळ लागला, पण बाबांचं ठरलं होतं आणि मला त्यांचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

अट अशी होती की अटॅकपासून १४ दिवसांच्या आत नाव लागलं पाहिजे आणि अटॅक कोणता होता, कधी सुरू झाला याचा कागदी पुरावा पाहिजे. आता इंजेक्शननं गुठळी सुटली, त्यामुळे नागपूरला पोचेस्तोवर ईसीजी बराच सुधारला होता. म्हणजे खरा पुरावा तालुक्याच्या पहिल्या ईसीजीत. आणि आमच्या हातात काय होतं, तर रेफरची एक चिठ्ठी, तिच्यावर "छातीत दुखणे, पुढे पाठवले" एवढंच, वेळसुद्धा टाकलेली नाही.

मी एसटीनं परत आलो आणि सरळ दवाखान्यात गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणे फाइल रेकॉर्डला गेली, उद्या या. उद्या गेलो तर कम्प्युटरवाला सुट्टीवर. मग दुसरा कोणी म्हणे पेशंटलाच घेऊन या, त्याची सही लागते. अरे बाबा, पेशंट नागपूरला आयसीयूतून आत्ता कुठं बाहेर आला, त्याला झेरॉक्ससाठी दीडशे किलोमीटर आणू काय? पुन्हा बाबांची सही घेऊन अधिकारपत्र आणलं, त्यांच्या आधारची झेरॉक्स जोडली, तर आतून विचारणा, "कागद कायले पाहिजे, केस टाकता काय डॉक्टरवर?" मी हात जोडून सांगितलं की तुमच्याच इंजेक्शननं माझा बाप वाचला, मी कायले केस टाकू, मला फक्त ईसीजी पाहिजे. तरी नाही. आणि इकडं १४ दिवस सरत चालले, मॅडमचा रोज फोन, भेटला काय कागद, भेटला काय कागद. बिलाचे पैसे मोजून घेताना यांना पाच मिनिटं लागली होती, आणि पेशंटचा स्वतःचा कागद द्यायला यांच्या जिवावर येते. मला याचा जेवढा राग आला तेवढा अटॅकच्या रात्री देवाचाही आला नव्हता.

शेवटी नागपूरच्या एका ज्युनिअर डॉक्टरनं रस्ता सांगितला. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की भरती पेशंटचं रेकॉर्ड डॉक्टरनं ३ वर्षं जपून ठेवायचं आणि पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितलं की ७२ तासांत द्यायचं. मग तोंडी बोलणं बंद केलं. साध्या कागदावर अर्ज लिहिला: पेशंटचं नाव, भरतीची तारीख, पहिला ईसीजी, ट्रोपोनिनचा (हार्टला इजा झाली का ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, इंजेक्शन दिल्याची नोंद वेळेसह, आणि खाली २००२ च्या नियमाचा उल्लेख. दोन प्रती केल्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच मागितली. पोच द्यायलाही कुरकुर, पण मी काउंटर सोडलंच नाही. त्याच संध्याकाळी फाइल सापडली! रेकॉर्ड रूमला वगैरे काही गेली नव्हती, तिथंच कपाटात होती.

ईसीजी तो गुळगुळीत कागदावरचा, वर वेळ छापलेली, पण रेषा तेवढ्यातच फिक्या पडत चालल्या होत्या. तो कागद असाच असतो, उन्हानं-गरमीनं उडतो. म्हणून कोणाचाही ईसीजी हातात पडला की त्याच दिवशी झेरॉक्स मारा आणि मोबाइलवर फोटो काढा. मॅडमनं शिक्का मारलेली झेरॉक्स मागितली होती, तीही तिथंच घेतली. नाव मुदतीत लागलं. त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो, सांगायला लाज नाही.

बाकीचं सोपं गेलं. संमतीचा फॉर्म मराठीत होता, तो एक रात्र घरच्यांजवळ ठेवून वाचा, तिथंच घाईत सही करू नका. त्यात वर्षाचं उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात, माय त्यानं घाबरली. ते नुकसानभरपाईसाठी असते, ट्रायलमुळे काही बरंवाईट झालं तर. इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात, नवीन औषधं आणि ट्रायलच्या २०१९ च्या सरकारी नियमांत आहे ते. मधातून सोडून देता येते आणि नेहमीचा इलाज थांबत नाही. वाचता येत नसेल तर बाहेरचा साक्षीदार बसवून वाचून दाखवायला लावा. सही केलेल्या फॉर्मची एक प्रत आपली असते, मागून घ्या.

आणि हे खरं तर आधी सांगायचं होतं, ट्रायलचा सीटीआरआय नंबर, म्हणजे देशातल्या ट्रायलींच्या सरकारी नोंदवहीतला नंबर, विचारा आणि त्यांच्या साइटवर टाकून पाहा. १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. नंबर सांगायला कोणी टाळत असेल तर सही करू नका. एक पैसाही आपल्याकडून घेत नाहीत, उलट आम्हाला जाण्या-येण्याचं भाडं भेटते, त्यासाठी बँकेचं पासबुक पहिल्याच खेपेला सोबत न्या. ट्रायल चालू असताना दुसऱ्या कोणत्याही कारणानं भरती व्हावं लागलं तरी मॅडमला लगेच फोन करा, त्यांना गंभीर घटना २४ तासांत कळवावी लागते. उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या पट्ट्या फेकू नका, तपासणीच्या वेळी मोजून घेतात.