तिसरा दिवस की अठरावा?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडून अहवाल आला तो ‘निगेटिव्ह’. खाटेवरच्या मावशींना माकडताप नाही असा त्याचा सरळ अर्थ मी घेतला आणि तो कागद त्यांच्या केसपेपरला जोडूनही टाकला. मार्च महिना होता. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातून, म्हणजे जांबोटी, कणकुंबी आणि भीमगड अभयारण्याच्या कडेच्या वाड्यांतून, बेळगावात येणाऱ्या तापाच्या रुग्णांचे रक्त आमच्या प्रकल्पातून तपासणीला जात असे. मावशींना ताप होता, असह्य डोकेदुखी होती, हातांना कंप सुटला होता आणि रात्री बोलण्यात घोटाळा होऊ लागला होता. मलेरिया नव्हता, डेंगीही नव्हता.

कन्नडमध्ये ज्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात तो हा आजार 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली तेव्हा प्रथम ओळखला गेला. पुढे अनेक वर्षे तो आमच्या दृष्टीने दक्षिणेकडचा आजार होता. मात्र 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याचे रुग्ण निघाल्यावर तो खानापूरच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. म्हणूनच आमच्या फॉर्मवर ‘गावात माकडे मेली आहेत का?’ हा प्रश्न होता. मावशींनी त्याला ‘नाही’ असे उत्तर दिले होते, आणि ते खरेच होते.

तोवर माझी बहुतेक नोकरी पेशीसंवर्धनाच्या बाटल्या आणि उणे 80 अंशांचे शीतकपाट यांच्यात गेली होती. खाटेजवळ बसून रुग्णाशी बोलणे हे डॉक्टरांचे काम, अशी माझी समजूत होती. तिच्यात थोडा आळसही असावा. त्या दुपारी मी वॉर्डात गेले ती निव्वळ एक सही राहिली होती म्हणून. मावशी जरा शुद्धीत होत्या. ताप नेमका कधी आला, हे मी पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारले, “मागचा ताप बी धरायचा काय? तो गोव्यात आलता, तिथंच गेला की.”

मग सून आणि मावशी मिळून शिमग्यापासून दिवस मोजू लागल्या. मावशी काजूच्या हंगामासाठी सत्तरीतल्या एका बागेत बोंडू, म्हणजे काजूची फळे, गोळा करायला गेल्या होत्या. तिथे सहा दिवस ताप आला, अंग ठेचल्यासारखे दुखले, डोळे लाल झाले. मग ताप उतरला, त्या घरी परतल्या आणि नऊ दिवस धडधाकट होत्या. त्यानंतर आलेल्या तापाचा तिसरा दिवस मी फॉर्मवर ‘आजाराचा तिसरा दिवस’ म्हणून लिहिला होता. प्रत्यक्षात तो अठरावा होता. बागेजवळच्या ओढ्याकाठी दोन वानरे मरून पडलेली त्यांनी पाहिली होती, पण आम्ही विचारले होते त्यांच्या गावाबद्दल.

हा घोळ साधा नव्हता. माकडतापाचा विषाणू पहिल्या तापाच्या दिवसांत रक्तात असतो आणि तेव्हा आरटी-पीसीआर चाचणीत त्याचे आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, सापडते; पुढे तो रक्तातून नाहीसा होतो आणि त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीएम नावाची प्रतिपिंडे वाढतात. काही रुग्णांना एक-दोन आठवडे बरे गेल्यावर दुसरा ताप येतो आणि त्या वेळी कंप, भ्रम अशी मेंदूची लक्षणे दिसतात. मी तिसरा दिवस लिहिल्यामुळे पीसीआर झाली, आणि जे रक्तात उरलेच नव्हते ते तिला सापडणार तरी कसे? चूक चाचणीची नव्हती, माझ्या आकड्याची होती.

त्याच संध्याकाळी नवा नमुना घेतला, तीन आवरणांच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसह बांधला आणि ती प्रतिपिंडे शोधणाऱ्या आयजीएम एलायझा चाचणीसाठी रवाना केला. अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला. त्याने उपचार बदलले नाहीत, कारण या विषाणूवर नेमके औषध नाही. सलाईन, ताप उतरवणे आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणे हे चालूच होते. पण मरून पडलेल्या वानरांची आणि बागेची खबर चोर्ला घाट उतरून पलीकडच्या गोव्याच्या आरोग्य खात्याकडे गेली आणि त्या बागेतून परतलेल्या इतर मजुरांना आम्ही शोधू लागलो.

मावशी बऱ्या झाल्या. घरी जाताना मी त्यांना समजावले की हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, खसखशीच्या दाण्याएवढे गोचिडीचे पिल्लू चावल्याने होतो. तेव्हा हातापायांना गोचिडी दूर ठेवणारे डेपा तेल लावा, संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ करा आणि पालापाचोळ्यात बसू नका. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले.

“पाल्यात बसायचं नाही म्हणता,” त्या म्हणाल्या, “आनि बोंडू काय, पोरी, झाडावरनं हातात येऊन पडतात?”